अपघातात दाताला मार लागला तर काय करावे?

शाळेच्या नळावर वाकून पाणी पिणाऱ्या मुलाला मागून धक्का बसतो आणि तोंड नळावर आपटते. खडीवरून दुचाकी घसरते आणि हनुवटी रस्त्यावर आदळते. हातपंपाचा दांडा हातातून निसटून तोंडावर बसतो. कबड्डी खेळताना समोरच्याचे कोपर लागते, दहीहंडीच्या थरावरून कोणी खाली येतो. दाताला मार लागलेले असे रुग्ण दवाखान्यात वर्षभर येत असतात.

यातले दोन प्रकारचे प्रसंग नेहमी दिसतात. एका दहा वर्षांच्या मुलाचा पुढचा दात पडला. घरच्यांनी तो धुऊन, पुसून, कागदाच्या पुडीत बांधून ठेवला आणि संध्याकाळी आणला. तोपर्यंत दात पूर्ण वाळला होता. दुसऱ्या प्रसंगात तेवढ्याच वयाच्या मुलीचा तोच दात पडला. शिक्षिकेने तो कपभर दुधात टाकला आणि पाऊण तासात मुलीला दवाखान्यात आणले. तो दात परत बसवता आला. दोन्हीकडे डॉक्टर, औषधे आणि खर्च सारखाच होता. फरक पडला तो पहिल्या अर्ध्या तासात शेजारी असलेल्या माणसाच्या माहितीमुळे. ही माहिती प्रत्येक पालकाला, शिक्षकाला आणि खेळाच्या प्रशिक्षकाला हवी, म्हणून हा लेख.

थोडक्यात महत्त्वाचे

- आधी डोक्याची इजा, श्वास आणि रक्तस्राव पाहा, मग दात.
- कायमचा दात मुळासकट पडला तर तो परत बसवता येतो. दात वरच्या पांढऱ्या भागाने धरा, मुळाला हात लावू नका.
- शक्य असेल तर दात लगेच जागेवर बसवा. जमत नसेल तर दुधात ठेवा. कोरडा ठेवू नका.
- दुधाचा दात पडला तर तो परत बसवू नका.
- तुटलेला तुकडाही शोधून सोबत आणा.
- दुखणे थांबले तरी दंतवैद्याला दाखवा आणि पुढच्या तपासण्या चुकवू नका.

आधी जीव, मग दात

तोंडाला मार लागतो तेव्हा डोक्यालाही लागलेला असू शकतो. पुढीलपैकी काहीही असेल तर दाताचा विचार बाजूला ठेवून रुग्णाला मोठ्या रुग्णालयात न्या. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर मोफत रुग्णवाहिका मिळते.

- थोडा वेळ तरी शुद्ध हरपली, किंवा काय झाले ते आठवत नाही
- वारंवार उलट्या, झटका, वाढत जाणारी डोकेदुखी किंवा गुंगी
- नाकातून किंवा कानातून रक्त अथवा पाण्यासारखा द्रव येणे
- श्वास घ्यायला त्रास, घरघर, न थांबणारा खोकला
- दाबून धरूनही १५ मिनिटांत न थांबणारा रक्तस्राव
- मानेत दुखणे, हातापायांना मुंग्या येणे किंवा बळ कमी वाटणे

मानेला इजा असल्याची शंका असेल तर रुग्णाला ओढून उठवू नका. मान न हलवता मदत येईपर्यंत थांबा. पण तोंडात रक्त साठून श्वास अडत असेल तर डोके, मान आणि धड एका रेषेत ठेवून दोघातिघांनी मिळून त्याला कुशीवर वळवा. रक्त बाहेर येऊ द्या, ते गिळायला सांगू नका. जास्त रक्त पोटात गेले की उलटी होते.

आणखी एक गोष्ट लगेच पाहा. पडलेला दात किंवा तुटलेला तुकडा सापडत नसेल तर तो गेला कुठे? तो जमिनीवर असेल, कपड्यांत असेल, फाटलेल्या ओठात रुतला असेल, पोटात गेला असेल किंवा श्वासनलिकेत शिरला असेल. पोटात गेलेला दात बहुधा शौचावाटे निघून जातो. श्वासनलिकेत गेलेला मात्र धोकादायक असतो. दात सापडला नाही आणि खोकला किंवा घरघर सुरू झाली, तर छातीचा एक्स-रे ताबडतोब काढावा लागतो. कोणतेही लक्षण नसले तरी दात सापडला नाही हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

वेळ एवढी महत्त्वाची का?

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि जबड्याचे हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचा पातळ पडदा असतो. त्यातल्या जिवंत पेशी दाताला हाडाशी बांधून ठेवतात. दात पडतो तेव्हा हा पडदा फाटतो. त्याचा अर्धा भाग मुळावर आणि अर्धा खोबणीत राहतो. मुळावरच्या पेशी जिवंत असताना दात परत बसवला तर तंतू पुन्हा जुळू शकतात.

या पेशींना कोरडेपणा अजिबात सोसत नाही. दात साधारण १५ मिनिटांच्या आत परत बसला तर सर्वांत चांगले. अर्धा तास कोरडा राहिला की बहुतेक पेशी मेलेल्या असतात. तासाभरानंतर त्या जवळजवळ उरत नाहीत. दात घासून पुसला तरी पेशी निघून जातात. म्हणूनच मूळ न घासता दात ओला ठेवायचा असतो.

कायमचा दात मुळासकट बाहेर पडला तर

बहुधा वरचे मधले दोन दात पडतात, म्हणजे ज्यांना आपण पटाशीचे दात म्हणतो ते. रुग्णाला धीर द्या, खाली बसवा आणि पुढीलप्रमाणे करा.

१. दात शोधा. तो वरच्या पांढऱ्या, चावायच्या भागाने उचला. पिवळसर, निमुळत्या मुळाला बोट लावू नका.

२. माती लागली असेल तर दुधाने किंवा सलाइनने हलकेच धुवा. ते नसेल तर स्वच्छ थंड पाण्याच्या बारीक धारेखाली फार तर १० सेकंद धरा. साबण, ब्रश, डेटॉल, हळद, मीठ काही वापरू नका. कापडाने किंवा कापसाने पुसू नका.

३. रुग्णाला एकदा हलकी चूळ भरू द्या.

४. दाताची दिशा शेजारच्या दाताशी ताडून पाहा. फुगीर, गुळगुळीत बाजू ओठाकडे आणि किंचित खोलगट बाजू जिभेकडे येते.

५. मूळ खोबणीत ठेवून बोटाने सावकाश दाबा. दात शेजारच्या दातांच्या रांगेत येईल. थोडे दुखते, पण बहुतेकांना सोसते. दात जात नसेल तर जोर लावू नका.

६. स्वच्छ रुमालाची घडी दातांमध्ये ठेवून हलकेच चावून धरायला सांगा, म्हणजे दात जागेवर राहील.

७. लगेच दंतवैद्याकडे निघा. रात्र असेल तर रुग्णालयाच्या अपघात विभागात जा.

दात किंचित वाकडा बसला तरी चालेल, तो दंतवैद्य नीट करतात. उलटा बसेल या भीतीने तासभर कोरडा ठेवण्यापेक्षा हे केव्हाही बरे.

कोणी हे स्वतः करू नये? रुग्ण अर्धवट शुद्धीत असेल, मूल फार घाबरून झटापट करत असेल किंवा जबड्याचे हाड मोडल्याची शंका असेल तर दात बसवायचा प्रयत्न करू नका. गंभीर हृदयविकार असलेल्या आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणाऱ्या रुग्णांच्या बाबतीतही निर्णय डॉक्टरांवर सोडा. अशा वेळी दात दुधात ठेवून सोबत न्या.

दात कशात ठेवावा?

- दूध: सर्वांत सोयीचे. पिशवीतले, तापवून गार केलेले, गाईचे, म्हशीचे, कोणतेही चालेल. ते साधे किंवा थंड असावे, गरम नको. साखर घातलेले दूध, चहा, ताक चालणार नाही. चहाच्या टपरीवरही बिनसाखरेचे दूध मिळते.
- रुग्णाची स्वतःची लाळ: दूध नसेल तर वाटीत थुंकायला सांगा आणि दात त्यात बुडवून ठेवा. मोठी, शुद्धीवर असलेली व्यक्ती दात गालाच्या आत धरू शकते. लहान मुलांना असे करायला सांगू नका, दात गिळला जाईल.
- सलाइन: जवळच्या दवाखान्यात किंवा औषधाच्या दुकानात मिळते.
- साधे पाणी: पाण्यात मुळावरच्या पेशी फुगून फुटतात, म्हणून ते चांगले नाही. पण दुसरे काहीच नसेल तर कोरड्यापेक्षा पाणी बरे.

रुमाल, कापूस, कागद, खिसा, बर्फाचा कोरडा डबा यांत दात ठेवू नका.

तासापेक्षा जास्त वेळ गेला, दात वाळला, तरी तो फेकू नका. असा दातही दंतवैद्य अनेकदा परत बसवतात. तो कायम टिकण्याची शक्यता कमी असते, पण काही वर्षे जागा धरून ठेवतो आणि तिथले हाड झिजू देत नाही. वाढत्या वयाच्या मुलासाठी ही काही वर्षेही मोलाची असतात.

दुधाचा दात असेल तर

दुधाचा दात पडला तर परत बसवायचा नाही. त्याच्या मुळाच्या वरच हाडात कायमच्या दाताचा अंकुर असतो. दात दाबून बसवताना त्या अंकुराला इजा होऊ शकते.

मग दात कोणता हे ओळखायचे कसे? सहा वर्षांच्या आतल्या मुलाचा वरचा पुढचा दात जवळजवळ नक्कीच दुधाचा असतो. वरचे मधले कायमचे दात साधारण सात ते आठ वर्षांच्या वयात येतात. दुधाचे दात लहान आणि जास्त पांढरे असतात. नवे कायमचे दात मोठे, किंचित पिवळसर आणि कडेला करवतीसारखे दातेरी असतात.

इथे एक चूक होते. आपोआप पडलेल्या दुधाच्या दाताला मूळ जवळजवळ नसते, त्यामुळे ‘मूळ आहे म्हणजे कायमचा दात’ असे लोक समजतात. पण तीन वर्षांच्या मुलाचा दात मार लागून पडला तर तो दुधाचा असूनही मुळासकट येतो. म्हणून मुलाचे वय पाहा. खात्री नसेल तर दात दुधात ठेवा आणि दंतवैद्याला ठरवू द्या. आपल्याकडे पडलेला दात कौलावर टाकायची पद्धत आहे. मार लागून पडलेला दात मात्र डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय टाकू नका.

चालायला शिकणारी मुले तोंडावर पडतात तेव्हा दुधाचा दात अनेकदा हिरडीत आत जातो आणि दिसेनासा होतो. पालकांना तो पडला असे वाटते. एक्स-रेने खरे काय ते कळते. आत गेलेला दुधाचा दात बऱ्याचदा काही महिन्यांत आपोआप पुन्हा खाली येतो. या इजेमुळे पुढे येणाऱ्या कायमच्या दातावर पांढरे किंवा तपकिरी डाग पडू शकतात, कधी तो वाकडा किंवा उशिरा येतो. याची कल्पना आधीपासून असावी.

दात तुटला तर

दाताचे बाहेरचे कवच म्हणजे एनॅमल, त्याच्या आत पिवळसर डेंटिन आणि मधोमध रक्तवाहिन्या व नसा असलेला गर. दात किती खोल तुटला यावर उपचार ठरतात.

फक्त कवचाचा टवका उडाला: दुखत नाही, जिभेला धार लागते. घाई नसते. दोन-चार दिवसांत दाखवा. कड घासून किंवा दाताच्या रंगाचे सिमेंट लावून दात नीट करता येतो.

आतला पिवळसर भाग दिसतो: थंड पाणी, हवा, गोड लागले की कळ येते. त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दाखवा. उघडा भाग झाकला नाही तर जंतू गरापर्यंत जाऊ शकतात.

मधोमध लाल ठिपका दिसतो किंवा रक्त येते: गर उघडा पडला आहे. त्याच दिवशी दाखवा. लहान मुलांमध्ये गराचा फक्त वरचा खराब भाग काढून, वर औषध ठेवून दाताची नस जिवंत ठेवता येते. असे झाले तर दाताचे मूळ नीट वाढते. प्रौढांमध्ये रूट कॅनाल उपचार लागू शकतो.

मूळ हाडात तुटले: वरून दात अख्खा दिसतो, पण हलतो किंवा लांब झाल्यासारखा वाटतो. हे फक्त एक्स-रेत कळते. अशा दातांपैकी बरेच वाचतात. चार आठवडे, तर मूळ हिरडीजवळ तुटले असल्यास कधी चार महिन्यांपर्यंत दात बांधून ठेवावा लागतो.

तुटलेला तुकडा पाण्यात किंवा दुधात ठेवून आणा. तो नीट बसत असेल तर त्याच दाताला परत चिकटवता येतो. रंग आणि आकार हुबेहूब जुळतो, खर्चही कमी येतो.

तुटलेल्या दातावर लवंगेचे तेल, तंबाखू, मिश्री, चुना लावू नका. त्याने हिरडी आणि उघडा गर भाजतो.

दात हलतो, सरकला किंवा आत गेला तर

नुसता हलणारा दात बहुधा आपोआप घट्ट होतो. दोन आठवडे त्याने चावू नये. पण दात पुढे-मागे सरकला, लांब झाला किंवा हिरडीत घुसला तर त्याच दिवशी उपचार हवेत. दंतवैद्य जागा बधिर करून दात जागेवर आणतात आणि बांधतात. दात सरकल्यामुळे तोंड नीट मिटत नसेल तर ते जास्त तातडीचे असते.

दात हलत नाही, दिसायला ठीक आहे, फक्त टेकला की दुखतो, अशी अवस्था असली तरी एकदा दाखवून घ्या. आतली नस नंतर मरू शकते.

ओठ, जीभ आणि हिरडीच्या जखमा

तोंडाला रक्तपुरवठा भरपूर असतो. त्यामुळे छोट्या जखमेतूनही खूप रक्त येते आणि माणूस घाबरतो. स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून १० मिनिटे सलग दाबा, मध्ये उघडून पाहू नका. बाहेरून कापडात गुंडाळलेला बर्फ लावला की सूज कमी राहते.

जखम खोल असेल, ओठाची कड फाटली असेल किंवा जखमेच्या कडा एकमेकांपासून दूर जात असतील तर टाके लागतात. टाके घालण्यापूर्वी ओठात दाताचा तुकडा किंवा खडा राहिला नाही ना, हे डॉक्टरांनी तपासलेले असावे. रस्त्यावरची किंवा शेतातली माती जखमेत गेली असेल तर धनुर्वाताची लस लागू शकते. शेवटची लस कधी घेतली ते सांगा.

जबड्याचे हाड मोडले असेल तर

पुढील लक्षणे असतील तर जबड्याचे हाड मोडल्याची शंका घ्यावी:

- वरचे-खालचे दात पूर्वीसारखे जुळत नाहीत
- तोंड उघडताना किंवा मिटताना फार दुखते
- दोन-तीन दात हिरडीसकट एकत्र हलतात
- खालचा ओठ बधिर वाटतो
- जिभेखाली काळेनिळे झाले आहे

हनुवटीवर पडल्यावर कानापुढच्या सांध्याकडे खास लक्ष द्या. हनुवटीला टाके पडतात, जखम भरते आणि सगळे विसरून जातात. पण आघात हाडातून वर जातो आणि कानाजवळचे सांध्याचे टोक मोडते. लहान मुलांत हे लक्षात आले नाही तर पुढे सांधा आखडतो, तोंड उघडेनासे होते, हनुवटीची वाढ खुंटते. घरी करायची सोपी चाचणी अशी: मुलाची स्वतःची तीन बोटे, एकावर एक उभी, पुढच्या दातांमध्ये मावतात का? मावत नसतील, तोंड उघडताना जबडा एका बाजूला जात असेल किंवा कानापुढे दुखत असेल तर मुख व जबड्याच्या शल्यचिकित्सकांना दाखवा.

दवाखान्यात काय करतात?

दंतवैद्य अपघात कसा, कुठे, केव्हा झाला ते विचारतात. दात किती वेळ बाहेर होता आणि कशात ठेवला होता हे नेमके सांगा. मग एक्स-रे काढतात. परत बसवलेला दात शेजारच्या दातांना पातळ तारेने आणि दाताच्या रंगाच्या सिमेंटने बांधतात. ही तार मुद्दाम थोडी लवचिक ठेवतात. ती बहुधा दोन आठवडे ठेवतात. दाताभोवतीचे हाड मोडले असेल, दात आत घुसला असेल किंवा बाजूला सरकला असेल तर चार आठवडे. प्रतिजैविके द्यायची का, ते डॉक्टर ठरवतात.

पूर्ण वाढलेला दात पडून परत बसवला असेल तर त्याची नस पुन्हा जिवंत होत नाही. म्हणून दोन आठवड्यांच्या आत रूट कॅनाल उपचार सुरू करावा लागतो. नुकताच आलेला, मूळ अजून पूर्ण न झालेला दात असेल तर नस जगू शकते. तिथे डॉक्टर थांबून लक्ष ठेवतात.

खाजगी उपचार परवडत नसतील तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंत महाविद्यालये, मुंबई महापालिकेचे नायर दंत रुग्णालय आणि गोव्यात बांबोळीचे दंत महाविद्यालय इथे हे उपचार कमी खर्चात होतात. गावापासून ही ठिकाणे दूर असली तर आधी जवळच्या दंतवैद्याकडून दात बसवून बांधून घ्या. प्रवासात वेळ घालवू नका.

घरी काय काळजी घ्यावी?

- दोन आठवडे मऊ खाणे: मऊ भात-वरण, खिचडी, पेज, उपमा, दुधात किंवा आमटीत कुस्करलेली पोळी. भाकरीचा कडक पापुद्रा, चिक्की, ऊस, कणीस, पेरू नको.
- पुढच्या दातांनी तोडून खाऊ नका.
- प्रत्येक जेवणानंतर मऊ ब्रशने दात घासा. बांधलेल्या दातांवरही हलकेच ब्रश फिरवा. घाण साचली तर हिरडी बरी होत नाही.
- डॉक्टरांनी सांगितलेल्या क्लोरहेक्सिडिनच्या औषधी पाण्याने दिवसातून दोनदा चूळ भरा. अगदी लहान मुलांना चूळ भरता येत नाही, त्यांच्यासाठी तेच पाणी कापसाने हिरडीवर लावतात.
- दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालते. मुलांचा डोस वजनावर ठरतो, तो डॉक्टरांकडून घ्या. अ‍ॅस्पिरिन देऊ नका, रक्तस्राव वाढतो.
- तंबाखू, गुटखा, मिश्री, बिडी-सिगारेट, दारू पूर्ण बंद ठेवा.
- धक्का लागण्याचे खेळ दोन आठवडे तरी बंद.
- लहान मुलाची चोखणी किंवा बाटली काही दिवस टाळा.

‘आता दुखत नाही’ म्हणून थांबू नका

सर्वांत जास्त नुकसान इथेच होते. तार निघते, दुखणे थांबते, शाळा सुरू होते आणि रूट कॅनालसाठी रुग्ण परत येत नाही. मेलेल्या नसेत जंतू वाढतात आणि मूळ आतून-बाहेरून झिजू लागते. हे दुखतही नाही. काही महिन्यांनी दात हलायला लागतो तेव्हा मूळ उरलेले नसते. पहिल्या दिवशी धावपळ करून वाचवलेला दात असा हातचा जातो.

म्हणून मुळासकट पडून परत बसवलेल्या दाताची तपासणी २ आठवडे, ४ आठवडे, ३ महिने, ६ महिने आणि १ वर्षाने करायची असते. त्यानंतर किमान पाच वर्षे दरवर्षी एकदा. इतर इजांमध्ये तपासण्या कमी लागतात, त्यांच्या तारखा विचारून लिहून घ्या.

मधल्या काळात पुढील बदल दिसले तर तारखेची वाट पाहू नका: दात करडा किंवा काळपट होणे, हिरडीवर पुवाची फोड येणे, चावताना दुखणे, दात पुन्हा हलणे, किंवा शेजारच्या दातापेक्षा तो आखूड दिसू लागणे. शेवटच्या बदलाचा अर्थ दात हाडाला चिकटला आणि मुलाची वाढ होत असताना तो मागे राहिला. दुधाचा दात नुसता करडा झाला तर घाबरू नका. सूज, पू, दुखणे नसेल तर बहुधा फक्त लक्ष ठेवतात.

दात वाचलाच नाही, तर? प्रौढांना इम्प्लांट, ब्रिज किंवा काढता-घालता येणारा दात बसवता येतो. मुलांमध्ये जबड्याची वाढ पूर्ण होईपर्यंत इम्प्लांट करत नाहीत. तोपर्यंत तात्पुरता दात देतात, म्हणजे मुलाला चारचौघांत हसायला संकोच वाटत नाही आणि जागाही टिकते.

कागदपत्रे जपून ठेवा

रस्त्यावरच्या अपघातात किंवा मारहाणीत रुग्णालय पोलिसांना कळवते आणि नोंद करते. दात तुटणे किंवा निखळणे ही कायद्याने ‘गंभीर दुखापत’ मानली जाते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये ती गणलेली आहे. म्हणून किती दातांना, कोणती इजा झाली हे केसपेपरवर स्पष्ट लिहून घ्या. एक्स-रे, बिले आणि पहिल्या दिवशीचे फोटो जपून ठेवा. अपघाताच्या नुकसानभरपाईसाठी आणि विम्यासाठी ते लागतात. अनेक आरोग्य विम्यांत दातांचे नेहमीचे उपचार नसतात, पण अपघातामुळे करावे लागलेले उपचार काही अटींवर मिळू शकतात. पॉलिसी वाचून पाहा.

दात घरातल्या मारहाणीत तुटला असेल तर ‘बाथरूममध्ये पडले’ असे सांगू नका. डॉक्टरांना खरे सांगितले तर नोंद नीट होते आणि मदत मिळते. महिलांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ या हेल्पलाइन आहेत.

अपघात टाळण्यासाठी

- दुचाकीवर चालवणाऱ्याने आणि मागे बसणाऱ्याने हेल्मेट घालावे. अर्धे हेल्मेट डोके वाचवते, पण जबडा उघडाच राहतो. हनुवटी झाकणारे पूर्ण हेल्मेट घ्या आणि पट्टा लावा. मुलांसाठी त्यांच्या मापाचे हेल्मेट घ्या.
- मुलाला दुचाकीच्या पुढे उभे करू नका. ब्रेक लागला की तोंड हँडलवर आदळते.
- कारमध्ये मागच्या सीटवरही पट्टा लावा.
- मुष्टियुद्ध, हॉकी, कबड्डी, बास्केटबॉल खेळणाऱ्यांनी दातांचे रक्षक कवच वापरावे. दंतवैद्याकडून मापाने करून घेतलेले सर्वांत चांगले.
- वरचे दात फार पुढे असतील तर ते सहज तुटतात. अशा मुलांना वेळेवर दातांच्या तारांसाठी दाखवा.
- शाळेत नळापाशी रांग लावा. ओल्या फरशीवर, जिन्यात आणि तोंडाला बाटली लावून पळू देऊ नका.
- दाताने बाटलीचे झाकण उघडू नका.

शेवटी एक विनंती. शाळेच्या प्रथमोपचार पेटीजवळ आणि घरच्या फ्रिजवर एवढे लिहून लावा: ‘दात पडला? मुळाला हात लावू नका. परत बसवा, नाहीतर दुधात ठेवा. लगेच दंतवैद्याकडे.’ खाली जवळच्या दंतवैद्याचा फोन नंबर लिहा. अपघाताच्या वेळी लेख वाचायला कोणाला सवड नसते, पण चार ओळी वाचून होतात आणि दात वाचवायला तेवढ्या पुरतात.